पुस्तकातला समुद्र आणि दारातला समुद्र

समुद्रावरचे चित्रपुस्तक लहान मुलांना फार आवडते. जाड पुठ्ठ्याची पाने, गडद निळे पाणी, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, आठ हात पसरून हसणारा ऑक्टोपस आणि डोळे मिचकावणारे कासव. वाढदिवसाला कोणीतरी असे पुस्तक देते आणि काही दिवस ते मुलाच्या हातातून सुटत नाही. मग एके दिवशी ते खेळण्यांच्या टोपलीत तळाला जाते आणि त्याची जागा मोबाइल घेतो.

वसई-विरारच्या पालकांसाठी या पुस्तकाला एक वेगळा अर्थ आहे. इथे समुद्र फक्त पुस्तकात नाही. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव, सुरुची बाग असे किनारे घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांत मासळी उतरते, वाळते आणि विकली जाते. तरीही बऱ्याच मुलांना पुस्तकातला क्लाउनफिश ओळखता येतो, पण ताटातला बोंबील जिवंतपणी कसा दिसतो ते माहीत नसते. पुस्तकातली गोड हसणारी जेलीफिश त्यांना ठाऊक असते, पण पावसाळ्यात राजोडीच्या वाळूवर पडलेला निळा फुगा हातात घेऊ नये हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हे दोन समुद्र एकमेकांना जोडता आले, तर एका साध्या चित्रपुस्तकाचा मुलाच्या आरोग्याला दोन बाजूंनी उपयोग होतो. भाषा आणि मेंदूची वाढ ही एक बाजू, तर किनाऱ्यावरची सुरक्षितता ही दुसरी.

चित्र दाखवताना मेंदूत काय घडते?

पहिल्या पाच वर्षांत मुलाचा मेंदू फार वेगाने वाढतो. या काळात त्याच्याशी कोण, किती आणि कसे बोलते याचा त्याच्या भाषेवर मोठा परिणाम होतो. गोष्ट ऐकणाऱ्या मुलांच्या मेंदूत काय चालते, हे अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात डॉ. जॉन हटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले. तीन ते पाच वर्षांच्या १९ मुलांना गोष्टी ऐकवत त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले गेले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत मुलांना जास्त वाचून दाखवले जात होते, तिथल्या मुलांच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग गोष्ट ऐकताना अधिक जागा झालेला दिसला. शब्दाचा अर्थ लावणे आणि ऐकलेल्या गोष्टीचे मनात चित्र उभे करणे ही कामे या भागाशी संबंधित आहेत. अभ्यास लहान होता आणि एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण वाचून दाखवण्याचा आणि मनात चित्र तयार होण्याचा संबंध त्यात स्पष्ट दिसला.

त्याहून उपयोगी अभ्यास जुना आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट घरी चित्रपुस्तके वाचून दाखवत होते. एका गटाला नेहमीसारखे वाचायला सांगितले. दुसऱ्या गटाला वाचण्याची पद्धत बदलायला सांगितली. सरळ वाचत जायचे नाही, मुलाला प्रश्न विचारायचे, त्याच्या उत्तरात थोडी भर घालायची आणि नुसते बोट दाखवून सुटेल असा प्रश्न कमी विचारायचा. एका महिन्यानंतर चाचणी घेतली तेव्हा दुसऱ्या गटातील मुले बोलून व्यक्त होण्याच्या चाचणीत साडेआठ महिन्यांनी आणि शब्दसंग्रहात सहा महिन्यांनी पुढे होती. नऊ महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा हा फरक कमी झालेला होता, पण टिकून होता.

यातला मुद्दा असा की दोन्ही गटांत पुस्तके वाचली जात होती. फरक पडला तो बोलण्यामुळे.

पानावर मासा आहे. ‘हा काय आहे?’ असे विचारले की मूल ‘मासा’ म्हणते आणि संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी आजी विचारते, “हा मासा काय करतोय रे?” नातू म्हणतो, “पाणी पितो.” आजी म्हणते, “हो, तोंडाने पाणी घेतो आणि गालाजवळच्या कल्ल्यांतून बाहेर सोडतो. काल मावशीने मासा साफ करताना लाल लाल कल्ले काढले होते, आठवतं?” मुलाने दोन शब्द दिले आणि आजीने त्याला एक पूर्ण वाक्य, एक नवा शब्द आणि कालची एक आठवण परत दिली. भाषा अशीच वाढते. त्यासाठी आजीला पुस्तकातली इंग्रजी ओळ वाचता आलीच पाहिजे असे नाही. चित्र वाचता आले तरी पुरते.

हा संवाद घरच्या भाषेत व्हावा. वसईत कोणाच्या घरी कोळी बोली, कोणाच्या घरी सामवेदी किंवा कादोडी, कोणाकडे वाडवळी, तर कोणाकडे गुजराती किंवा हिंदी बोलली जाते. मूल इंग्रजी शाळेत जाणार म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘फिश, बेबी, फिश’ म्हणत राहण्याने त्याला मोठी वाक्ये ऐकायला मिळत नाहीत. ज्या भाषेत आईवडील सहज बोलतात, हसतात आणि रागावतात, त्याच भाषेत मुलाला सर्वाधिक शब्द मिळतात. तो पाया पक्का झाला की दुसरी भाषा त्यावर चढते.

पुस्तक हेही तपासणीचे साधन

चित्रपुस्तकाचा आणखी एक उपयोग पालकांना सहसा ठाऊक नसतो. मुलाची वाढ वयाप्रमाणे होते आहे की नाही, हे त्यात घरबसल्या दिसते. साधारण दीड वर्षाचे मूल मोठ्या माणसासोबत पुस्तकाची काही पाने पाहते. दोन वर्षांचे मूल ‘कासव कुठे आहे?’ असे विचारल्यावर चित्रावर बोट ठेवते आणि किमान दोन शब्द जोडून बोलते. अडीच वर्षांचे मूल आपण बोट ठेवलेल्या ओळखीच्या चित्राचे नाव सांगते.

प्रत्येक मुलाचा वेग थोडा वेगळा असतो, त्यामुळे एखादी गोष्ट एक-दोन आठवडे उशिरा आली म्हणून घाबरू नये. पण दोन वर्षांचे मूल चित्राकडे बोट दाखवत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द हरवले असतील, तर ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कानांची तपासणी जरूर करून घ्यावी. ऐकू कमी येणे हे उशिरा बोलण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि ते जितक्या लवकर कळेल तितका उपचाराचा फायदा जास्त होतो.

पुस्तक आणि दवाखाना यांची सांगड नवी नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन सिटी हॉस्पिटल या सार्वजनिक रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या गरीब घरांतील मुलांच्या हाती एकेक पुस्तक द्यायला आणि पालकांना ते कसे दाखवायचे हे सांगायला सुरुवात केली. ‘रीच आउट अँड रीड’ नावाचा हा उपक्रम पुढे त्या देशभर पसरला. २०१४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळ अगदी लहान असल्यापासून त्याला मोठ्याने वाचून दाखवण्याचा सल्ला पालकांना द्यावा, असे धोरणच जाहीर केले.

मोबाइलविषयीचे सल्लेही स्पष्ट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एक तासाहून जास्त नसावा, कमी असेल तितके चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, असे सांगितले. नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल एवढाच त्याला अपवाद. समुद्राचा व्हिडिओ कितीही सुंदर असला, तरी तो मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. आजी थांबते.

सकाळची विरार लोकल पकडणाऱ्या आणि रात्री उशिरा परतणाऱ्या आईवडिलांना वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खराच आहे. पण यासाठी तास लागत नाही. झोपण्यापूर्वीची दहा मिनिटे आणि एक पुस्तक पुरते. तेच पुस्तक मूल पुन्हा पुन्हा मागत असेल तर कंटाळू नये. ओळखीच्या पानावर ते दरवेळी थोडे जास्त बोलते. वडिलांनीही यात वाटा घ्यावा. सुरुवात समुद्रघोड्याच्या पानापासून करता येईल, कारण या माशात पिल्ले पोटाच्या पिशवीत सांभाळण्याचे काम नर करतो.

हसणारी जेलीफिश

कोणते पुस्तक घ्यावे, हा पुढचा प्रश्न. इथे चित्रांचा खरेपणा महत्त्वाचा ठरतो.

पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १५ आणि १८ महिन्यांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, पुस्तकात पाहिलेली वस्तू प्रत्यक्षात ओळखणे मुलांना छायाचित्र किंवा हुबेहूब चित्र असेल तर सोपे जाते. कार्टूनसारखे चित्र असेल तर अवघड जाते. गानिया यांनीच २०१४ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांना अपरिचित असलेल्या प्राण्यांची पुस्तके दाखवली. त्यात हँडफिश हा पुढच्या परांवर तळाशी चालणारा समुद्री मासाही होता. काही पुस्तकांत प्राण्यांची खरी माहिती होती, तर काहींत ते माणसांसारखे बोलणारे, वागणारे होते. माणसाळवलेल्या पुस्तकांतून मुले प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी शिकली आणि माणसाचे गुण त्या प्राण्यांना चिकटवण्याकडे त्यांचा कल राहिला.

याचा अर्थ गोष्टीची पुस्तके टाकून द्यावीत असा नाही. लिओ लिओनी यांच्या १९६३ च्या ‘स्विमी’मध्ये छोटे मासे एकत्र येऊन मोठ्या माशाचा आकार करतात. एकीची अशी गोष्ट मुलाला भावते आणि भावली पाहिजे. कल्पनेची पुस्तके मनाला हवीतच. पण त्यांच्या जोडीला एक तरी खऱ्या चित्रांचे पुस्तक घरात असावे आणि दोन्हींतला फरक मुलाशी बोलावा. ‘ही जेलीफिश गोष्टीतली आहे म्हणून हसते. खऱ्या जेलीफिशला तोंड असतं, पण डोळे-ओठ असे नसतात, आणि तिला हात लावला तर खूप आग होते.’ एवढे एक वाक्य पुरते. वसईच्या मुलाला त्याची खरी गरज आहे.

वाळूवरचा निळा फुगा

पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की मुंबईपासून पालघरपर्यंतच्या किनाऱ्यांवर निळे, चकचकीत, छोट्या फुग्यासारखे जीव वाहून येतात. यांना ब्लूबॉटल म्हणतात. दिसायला जेलीफिशसारखे असले तरी ते खरे जेलीफिश नाहीत. अनेक सूक्ष्म जीव एकत्र येऊन तयार झालेली ती एक वसाहत असते. काही जीव तरंगतात, काही खातात, काही दंश करतात. फुग्याखाली निळे, लांब धागे असतात आणि त्यांत विषारी पेशी दडलेल्या असतात. जीव मरून वाळूवर पडला तरी या पेशी बराच काळ दंश करू शकतात. मुलाच्या डोळ्यांना मात्र तो वाढदिवसाचा फुगा वाटतो.

दंश झाल्यास मुलाला पाण्याबाहेर काढावे. ती जागा चोळू नये. वाळू घासणे, टॉवेलने पुसणे, लघवी ओतणे हे किनाऱ्यावर ऐकू येणारे उपाय टाळावेत, कारण चोळल्याने उरलेल्या पेशी आणखी विष सोडतात. समुद्राच्याच पाण्याने जागा धुवावी. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा एखाद्या कार्डाच्या कडेने काढावेत, उघड्या बोटांनी काढू नयेत. त्यानंतर ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात साधारण २० मिनिटे ठेवावी. ऑस्ट्रेलियात ब्लूबॉटलचा दंश झालेल्या ९६ जणांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, तर बर्फाच्या पिशवीने ३३ टक्के लोकांच्या. उष्णतेने विषातील प्रथिने निकामी होतात. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने तपासावे. मुलाची त्वचा नाजूक असते, ती भाजता कामा नये.

बहुतेक मुलांचे दुखणे काही तासांत थांबते. पण धाप लागणे, चेहरा किंवा ओठ सुजणे, छातीत दुखणे, वारंवार उलट्या होणे, डोळ्याला दंश होणे किंवा अंगाच्या मोठ्या भागावर वळ उठणे यांपैकी काहीही दिसले, तर १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.

पुस्तकातला चपट्या शरीराचा, पंखांसारखे पर हलवणारा मासा म्हणजे आपले पाखट. पाखट उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसते. त्याच्या शेपटीवर काटा असतो आणि पाय पडला की तो घुसतो. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या डझनावारी भाविकांना पाखटांचे काटे लागले आणि त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. वसई-विरारमध्येही समुद्रावर विसर्जन होते आणि मुले कडेवरून उतरून पाण्यात पळतात. पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे, म्हणजे चाहूल लागून पाखट निघून जाते. मुलांना हा खेळ म्हणून शिकवता येतो. काटा लागल्यास रक्त थांबवण्यासाठी दाब द्यावा, सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवावा आणि रुग्णालयात जावे. जखमेत काट्याचा तुकडा राहू शकतो आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही लागते. काटा पोटात किंवा छातीत रुतला असेल तर तो जागेवर ओढून काढू नये.

जाळ्यातून मासळी सोडवताना शिंगाळ्याचा काटा हातात जाणे कोळीवाड्यातल्या घरांना नवे नाही. त्यालाही गरम पाणी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन हेच लागू. समुद्री साप मात्र वेगळा विषय आहे. वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीवरून तो ओळखता येतो. तो जाळ्यात येतो, कधी वाळूवरही पडलेला सापडतो. त्याचा दंश सुरुवातीला फारसा दुखत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. काही तासांत अंग दुखणे, पापण्या जड होणे, लघवीचा रंग गडद होणे ही लक्षणे दिसू लागतात. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या जमिनीवरच्या चार सापांच्या विषावर बनवलेली असते, समुद्री सापावर नाही. त्यामुळे कृत्रिम श्वासोच्छ्वासाची आणि डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात लवकर पोहोचणे हाच मार्ग. जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यात वेळ घालवू नये.

हे सगळे मुलाला सांगायचे नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला एकच नियम पुरतो. ‘किनाऱ्यावर जे दिसेल ते डोळ्यांनी बघायचं, मला दाखवायचं, हात लावायचा नाही.’ हा नियम रागावून सांगण्यापेक्षा पुस्तकाच्या पानावर बोट ठेवून सांगितला तर जास्त लक्षात राहतो.

चित्रात नसलेली भरती

चित्रपुस्तकातल्या समुद्राची एक मोठी उणीव म्हणजे तो हलत नाही. पान कधीही उघडा, पाणी तिथेच असते. वसईचा समुद्र दिवसातून दोनदा आत येतो आणि दोनदा मागे जातो. किनारा सपाट असल्याने ओहोटीला पाणी खूप दूर जाते आणि मागे चिखल-वाळूचे मैदान उरते. मुले त्यावर लांबपर्यंत धावतात. पाणी परत येताना समोरूनच येते असे नाही, ते चरांतून बाजूने भरत पाठीमागे पोहोचते. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर साडेचार मीटरहून उंच भरती येते, हे बातम्यांतून सगळेच वाचतात. पण सहलीला निघताना भरतीची वेळ पाहणारे थोडे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश मुले पाच वर्षांखालची होती. लहान मूल बुडताना सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. बहुधा ते आवाज न करता पाण्याखाली जाते, आणि त्यासाठी गुडघाभर पाणीही पुरते. म्हणून पाण्याजवळ लहान मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच हवे. पाच जण मिळून लक्ष ठेवतात तेव्हा प्रत्यक्षात कोणीच ठेवत नाही. एकाने जबाबदारी घ्यावी आणि त्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा.

भरतीचा अंदाज बांधण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत मुलांना हिशेबाचा खेळ म्हणून शिकवता येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. पाण्यात उतरायचे असेल तर भरतीचे अधिकृत वेळापत्रकच पाहावे. पण चंद्राशी समुद्राचा हिशेब जुळतो हे सात-आठ वर्षांच्या मुलाला समजले, की चित्रातला निळा समुद्र त्याच्यासाठी जिवंत होतो.

मळका म्हणजे मेलेला नव्हे

‘आपला समुद्र निळा का नाही?’ हा प्रश्न पुस्तक पाहिलेले मूल कधीतरी विचारतेच. ‘घाण आहे म्हणून’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. सांडपाणी आणि प्लास्टिक आहे, हे लपवू नये. पण वसईच्या एका बाजूला उल्हास नदीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला वैतरणेची. या नद्या गाळ आणतात, लाटा आणि भरती-ओहोटी तो ढवळत ठेवतात, म्हणून पाणी मातकट दिसते. पुस्तकातल्या रंगीत प्रवाळांना स्वच्छ, उजेड पोहोचणारे पाणी लागते, ते इथे नाही. पण याच गाळातल्या अन्नावर जवळा वाढतो आणि जवळ्यावर बोंबील. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून बांधलेल्या डोल जाळ्यात तो येतो आणि मग बांबूंवर वाळत पडतो. मातकट पाण्यातही भरपूर जीवन असते.

म्हणून पुस्तक बंद केल्यावर मुलाला घेऊन एकदा मासळी बाजारात जावे. पुस्तकातला शार्क तिथे छोट्या मुशीच्या रूपात भेटेल. ऑक्टोपसच्या जातकुळीतली माकुल भेटेल. पापलेट भेटेल, ज्याला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला. खाडीकाठच्या चिखलात तिवरांच्या मुळांशी निवट्या दिसतील. हा मासा परांच्या आधाराने चिखलावर चालतो, ओल्या त्वचेतून श्वास घेतो आणि डोक्यावरचे डोळे मिचकावतो. हँडफिश पाहायला ऑस्ट्रेलियाला जावे लागते, निवट्या नायगावच्या खाडीतच दिसतात. दगडी किनाऱ्यावरच्या जीवांची ओळख हवी असेल, तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर फेऱ्या काढतो. त्या मोठ्या मुलांसाठी उत्तम आहेत.

पुस्तकांसाठी फार खर्चही लागत नाही. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा मोफत मिळतात. पुण्याचे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी बालविज्ञान पुस्तकांचा मोठा साठा मोफत आहे. ती पडद्यावर न दाखवता छापून घ्यावीत. त्याहून सोपे म्हणजे घरीच पुस्तक बनवावे. बाजारात आणि किनाऱ्यावर काढलेले दहा-बारा फोटो छापून वहीत चिकटवायचे, प्रत्येकाखाली घरच्या बोलीतले नाव लिहायचे, आणि ज्यांना हात लावायचा नाही त्यांच्या पानावर लाल टिकली लावायची. छायाचित्र असल्याने मुलाला खरा जीव ओळखणे सोपे जाईल, आणि नावे सांगायला घरातले मोठे माणूस लागेल.

या शेवटच्या गोष्टीसाठी घाई केली पाहिजे. पाखट, मुशी, मांदेली, करंदी, शिवल्या, कालवे, निवट्या ही नावे, त्यांच्या सवयी, कोणाचा काटा लागतो आणि कोणाचा नाही, हे ज्ञान आज कोळीवाड्यातल्या आजी-आजोबांकडे आहे. ते कुठल्याही आयात केलेल्या पुस्तकात नाही. नातवंडाला मांडीवर घेऊन, वहीतल्या फोटोवर बोट ठेवून आजीने ते सांगितले, तर मुलाला भाषा मिळेल, आजीला ऐकणारा मिळेल, आणि पुढच्या पावसाळ्यात राजोडीच्या वाळूवर निळा फुगा दिसला की ते मूल हात मागे घेऊन म्हणेल, “आजी, बघ, लाल टिकलीवाला!”